मोकळ्या फिरणाऱ्या गिनी कोंबड्या आणि परसबाग: खुराड्यापासून वाफ्यापर्यंत

“गिनी उकरत नाही, फक्त किडे खाते. बागेत बिनधास्त सोडा,” असं पिल्लं विकणारे छातीठोकपणे सांगतात. हे निम्मं खरं आहे. साधी कोंबडी दोन्ही पायांनी माती उपसते, पालापाचोळा चहूकडे उधळते. गिनी त्या मानाने फारच कमी उकरते. ती कळपाने चालत राहते आणि चालता चालता चोचीने टिपत जाते. पण हीच गिनी भर दुपारी तुम्ही सकाळी भुसभुशीत केलेल्या वाफ्यात अंग टाकते, पंख फडफडवून धूळ अंगावर घेते, आणि त्या एका आंघोळीत कोथिंबिरीची अख्खी ओळ मुळासकट बाहेर येते. ती झोपली होती तिथे परातीएवढा खड्डा पडतो. दुसऱ्या दिवशी शेजारी आणखी दोन पडतात.

त्यामुळे “गिनी न खाणारी झाडं” अशी नुसती यादी शोधत बसू नका. तशी थोडी झाडं आहेत, पुढे सांगतेच, पण त्या यादीवर बाग उभी राहत नाही. झाड कोणतं यापेक्षा ते किती मोठं झालंय आणि त्याच्या बुंध्याशी माती उघडी आहे का, यावर सगळं ठरतं. बुंधा झाकला आणि सुरुवातीचे चार-सहा आठवडे रोप जपलं, तर गिनीच्या कळपात मेथीपासून मोगऱ्यापर्यंत जवळपास सगळं पिकतं. खाली जे लिहिलंय ते देशावरच्या हवामानाच्या हिशोबाने आहे. कोकण-गोव्यातल्यांनी पाऊस महिनाभर जास्त आणि माती जास्त ओली धरावी.

आधी पक्ष्याची चाल समजून घ्या

गिनी मूळची आफ्रिकेतल्या गवताळ माळरानांवरची. झाडावर झोपायचं, दिवसभर मैलोगणती चालायचं, कळप सोडायचा नाही, ही तिची रीत माणसाळल्यावरही फारशी बदललेली नाही. म्हणून एकटीदुकटी पाळू नका. एकटी गिनी दिवसभर ओरडते आणि सोबत शोधत भटकते. पाच-सहा पक्ष्यांपासून सुरुवात करा, नर कमी आणि माद्या जास्त ठेवा. नर-मादी दिसायला जवळजवळ सारखे असतात, ओळख आवाजावरून पटते. मादी दोन अक्षरी हाक देते, नराला ती जमत नाही, तो एकाच सुरात कटकटतो. पिल्लं दोन-अडीच महिन्यांची झाली की हा फरक ऐकू येऊ लागतो.

पूर्ण वाढलेला पक्षी दीड किलोच्या आसपास भरतो. आपल्याकडे बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, तिने कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी हे तीन वाण दिले आहेत. परसबागेपुरतं पाहिलं तर तिघांच्या वागण्यात फरक धरून बागेची आखणी करण्याची गरज नाही.

खाणं म्हणाल तर नाकतोडे, वाळवी, मुंग्या, कोळी, भुंगेरे, गवताचं बी, कोवळे कोंब, आणि गोचीड. गोचिडांबद्दल बोलबाला जरा जास्तच झालाय. अमेरिकेत लाँग आयलंडवर केलेला आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या सगळ्याच्या मुळाशी आहे. गिनी फिरत होत्या तिथल्या हिरवळीवर प्रौढ गोचीड कमी आढळले, एवढं त्यात दिसलं. गोचिडाची बारीक पिल्लावळ पक्ष्याच्या नजरेतून सुटते, आणि गुरांच्या अंगावर चिकटलेला गोचीड काढायला गिनी जात नाही. सिंधुदुर्गात माकडतापाची, म्हणजे गोचिडांमुळे पसरणाऱ्या तापाची, साथ आल्यापासून तिकडचे लोक याबद्दल हमखास विचारतात. गिनी पाळून माकडतापाची काळजी सोडायची नाही. अंगभर कपडे, गोचीड पळवणारं मलम आणि आरोग्य केंद्राची सूचना, हे सगळं तसंच चालू ठेवायचं.

पायरी पहिली: खुराडं कुठे, बाग कुठे

गिनी सवयीचा पक्षी आहे. खुराड्यातून सुटल्यावर ज्या दिशेला पहिल्या आठवड्यात गेली, तीच तिची रोजची वाट होते. त्यामुळे खुराड्याचं दार भाजीच्या वाफ्यांच्या विरुद्ध बाजूला उघडेल असं ठेवा. पाणी, सावली आणि दुपारी बसायची जागाही त्याच बाजूला हवी. आंबा, चिंच किंवा जुनी बोर असेल तर उत्तमच. पक्ष्यांनी बागेत येऊच नये असा यामागचा हेतू नाही. त्यांनी बागेतून फेरी मारून परत जावं, मुक्काम करू नये.

नवीन आणलेले पक्षी लगेच सोडले तर ते निघून जातात, परत येत नाहीत. साधारण सहा आठवडे खुराड्यात आणि त्याला लागून असलेल्या जाळीच्या आवारात ठेवा. या काळात रोज संध्याकाळी एकाच वेळी, एकाच डब्यात बाजरी खुळखुळवून मूठभर टाका. बाजरी गिनीला अतिशय आवडते, ज्वारीही चालते. पुढे सोडायचे तेव्हा आधी दोन-तीनच सोडा. बाकीचे आत असले की सुटलेले लांब जात नाहीत. डब्याचा आवाज ओळखीचा झाला की तुम्ही त्यांना वाफ्यातूनही बोलावून घेऊ शकता, आणि बागेच्या दृष्टीने या सवयीइतकं दुसरं काही कामाचं नाही.

रात्री खुराडं बंद हवंच. झाडावर झोपलेली गिनी घुबडाला आणि रानमांजराला सोपी सापडते. मुंगूस, कोल्हा, मोकाट कुत्री आणि जुन्नर, नाशिक, अहिल्यानगर पट्ट्यात बिबट्या, यांच्यापासून उंच फांदी पुरेसं संरक्षण देत नाही. आत बसायला आडव्या काठ्या जरा उंच बांधा, गिनीला खाली जमिनीवर झोपायला आवडत नाही.

कुंपणावर पैसे घालवण्याआधी एक लक्षात घ्या. सहा फुटी जाळीवरून गिनी आरामात जाते. एका बाजूची पिसं कापली तर उडणं थांबतं, पण कुत्रं मागे लागलं की वाचायचा मार्गही बंद होतो. मी पिसं कापत नाही. पक्ष्याला कोंडण्याऐवजी वाफ्याला कुंपण घालावं, ते स्वस्तात होतं.

पायरी दुसरी: धुळीचं न्हाणीघर

बी पेरण्याआधी हे काम करा. गिनीला रोज धूळ लागते. पिसांतल्या उवा आणि पिसवा तिच्याने निघतात. तुम्ही जागा दिली नाही तर ती स्वतः शोधते, आणि बागेत सगळ्यात कोरडी, बारीक, मऊ माती असते ती तुमच्या वाफ्यात.

छपराखाली किंवा दाट झाडाखाली, जिथे पावसाचं पाणी पोचत नाही, अशी साधारण मीटरभर लांब-रुंद जागा निवडा. वीतभर खोल खणा. तीच माती चाळून, त्यात नदीची बारीक वाळू आणि चुलीतली लाकडाची राख मिसळून परत भरा. राख फक्त लाकडाची हवी. प्लास्टिक, रंगवलेली फळी किंवा छापील पुठ्ठा जाळलेली राख चालणार नाही. कडेने विटांची एक ओळ लावा म्हणजे माती पसरत नाही. आठ-दहा पक्षी असतील तर अशा दोन जागा करा, कारण दांडगे पक्षी बाकीच्यांना हुसकावतात.

पावसाळ्यात इथेच सगळ्यांचं बिनसतं. चार महिने बाहेरची माती ओली, त्यामुळे पक्षी गोठ्यात, ओसरीवर, तुळशीवृंदावनाच्या कोरड्या मातीत, कुठेही घुसतात. जून लागण्याआधी दोन-तीन गोण्या कोरडी माती आणि राख झाकून ठेवा आणि दर पंधरवड्याला थोडी भर घाला.

पायरी तिसरी: वाफा असा करा

वाफा उंच केला म्हणजे पक्षी येणार नाही हा गैरसमज आहे. उंच वाफ्यातलं पाणी चांगलं निघतं, म्हणून तो करावा, पण गिनीला वीत-दोन विती चढणं काहीच नाही. तिला रोखतो तो वाफ्याचा पृष्ठभाग.

माती उघडी ठेवू नका. आच्छादन जाडंभरडं हवं. उसाचं पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या, नारळाच्या सोडणांचे तुकडे, वाळक्या फांद्या, यातलं जे तुमच्या भागात फुकट मिळतं ते घ्या. भुसा, बारीक कुटी किंवा नुसता चाळलेला पालापाचोळा घालू नका. तो कोरडा झाला की गिनीला गादीच वाटते, शिवाय त्यात मुंग्या असतातच, मग ती तिथे थांबते. मोठ्या झाडांच्या बुंध्याशी गोटे रचा. मुठीएवढे गोल दगड एकमेकांना चिकटवून ठेवले की अंग टाकायला जागा राहत नाही, आणि उन्हाळ्यात खाली ओलही टिकते.

आणखी जुना उपाय म्हणजे काटेरी फांद्या. बोर, बाभूळ किंवा करवंदाची छाटणी वाफ्यावर आडवी टाका. रोपं त्यातून वर येतात, पक्षी उतरत नाही. आमच्या आजीच्या काळापासून भाजीवर कोंबड्या येऊ नयेत म्हणून वईच्या काट्या टाकत, गिनीवरही त्या तितक्याच लागू पडतात. भाजी खुडताना तेवढा हात जपा.

पालेभाजीचा वाफा मात्र पूर्ण झाकावाच लागतो. बांबूच्या कामट्या दोन्ही कडांना खुपसून कमान करा, दर दीड-दोन फुटांवर एक. वर कोंबडीची ताठ तारेची जाळी ओढा, छिद्रं इंचभर किंवा त्याहून लहान. कडा विटांनी दाबा. सैल नायलॉनची जाळी, मासेमारीचं जुनं जाळं, असलं काही वापरू नका. त्यात पक्ष्याचे पाय आणि मान अडकते, धामण-नागही अडकून मरतात, आणि मग सुटका करायला माणसाला जोखीम घ्यावी लागते. कमान हाताने उचलून बाजूला ठेवता येईल एवढीच लांब करा, सहा फूट पुरे. एकाच प्रचंड सांगाड्यापेक्षा अशा तीन-चार लहान कमानी असल्या की भाजी मोठी झाल्यावर तीच कमान पुढच्या पेरणीवर हलवता येते.

पायरी चौथी: बी की रोप?

पक्ष्याला पेरलेलं बी दिसतं ते मातीवर राहिल्यामुळे, आणि कोंब दिसतो तो कोवळा, हिरवा, एकाच ओळीत उभा असल्यामुळे. मका, वाटाणा, चवळी, भुईमूग यांचे दाणे तर खोलवर पेरलेलेही कोंब वर येताच ओढले जातात.

मेथी तीन-पाच दिवसांत उगवते आणि तीन-चार आठवड्यांत काढता येते, म्हणून ती जन्मापासून काढणीपर्यंत कमानीखालीच ठेवा, बाहेर काढायचा खटाटोप नको. पालक, माठ, राजगिरा, मुळा, लेट्यूस यांचंही तसंच. ही सगळी गिनीच्या आवडीची पानं आहेत, ती मोठी झाली म्हणून सोडत नाही. कोबी-फ्लॉवरचा गड्डा धरल्यानंतरही पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात. कोथिंबिरीचे धणे रगडून पेरले तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस माती उघडी राहते. तेव्हा तिलाही झाकण हवं.

टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपं ट्रेमध्ये किंवा गादीवाफ्यावर बंदिस्त जागेत तयार करा आणि वीतभर झाल्यावर लावा. लावल्यावर प्रत्येक रोपाभोवती तळ कापलेली जुनी बादली, डबा किंवा जाळीची नळी तीन आठवडे राहू द्या. गुडघ्यापर्यंत वाढलेल्या वांगी, भेंडी, गवार यांना गिनी फारशी हात लावत नाही, उलट खालून फिरताना किडे टिपते. टोमॅटोची गोष्ट वेगळी आहे. लाल झालेलं आणि चोचीच्या उंचीवरचं प्रत्येक फळ टोचलं जातं. झाडं काठीला बांधा, खालची पानं काढा, आणि खालची फळं रंग फिरताच तोडून घरात पिकवा.

इथे मिरचीबद्दल एक समज मोडून काढते. मिरची तिखट म्हणून पक्षी खाणार नाहीत, किंवा रोपांवर मिरचीचं पाणी फवारलं की गिनी लांब राहील, असं अनेक जण सांगतात. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. तो आपल्याला, उंदराला, माकडाला जाणवतो. रानात मिरचीचं बी पसरवण्याचं काम पक्षीच करतात. मिरची-लसणाचा अर्क किडींसाठी फवारायचा तर फवारा, गिनीसाठी नको.

वेलभाज्या मात्र गिनीवाल्यांसाठी सोन्यासारख्या. दोडका, कारलं, पडवळ, दुधी, तोंडली, सगळं मांडवावर चढवा. वेल मांडवाला पोचेपर्यंत बुंध्याभोवती काट्या, नंतर काहीच करायचं नाही. खाली सावली मिळते, पक्षी दुपारी तिथे बसतात आणि गळून पडलेली किडकी फळं उचलतात. फळमाशीची अळी त्या फळांतच असते, त्यामुळे ही सफाई फायद्याची. कमी जागेत एकच गोष्ट करायची असेल तर मांडव घाला.

औषधी आणि सुगंधी झाडं

उग्र वासाची, लवदार किंवा तुरट-कडू पानं गिनीला सहसा नको असतात. त्यामुळे बागेची बाहेरची कड, जिथून पक्षी आत शिरतात, तिथे हीच झाडं लावा आणि कोवळी भाजी आतल्या बाजूला ठेवा.

अडुळसा आणि निर्गुंडी या दोन झाडांपासून सुरुवात करा. दोन्ही छाटाने लागतात, पाऊस पडताच फांदी खोचली की फुटते, गुरं-शेळ्याही तोंड लावत नाहीत, आणि दोन वर्षांत दाट वई होते. आत करवंद किंवा सागरगोटा घातला तर कुत्रंही थांबतं.

पानओवा एका फांदीवरून लागतो आणि लवदार जाड पानांमुळे शाबूत राहतो, फक्त त्याची फांदी मऊ असल्याने कळपाच्या पायाखाली मोडते. कुंडीत किंवा दगडांच्या मध्ये लावा. पुदिना पसरतो आणि ओल मागतो. गिनी पान खात नाही, पण ओलसर पुदिन्याखाली किडे असतात म्हणून तिथे रोज तुडवते. जुन्या घमेल्यात लावून नळाजवळ ठेवला तर दोन्ही प्रश्न सुटतात. तुळस मोठी झाल्यावर सुरक्षित, मंजिऱ्यांचं बी मात्र टिपलं जातं. मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात, तेव्हा काही झाडं वृंदावनात उंचावर असू द्या.

गवती चहाला गिनी खात नाही, पण त्याचा दाट गड्डा तिच्या मनाजोगतं घरटं असतो. चहासाठी पात कापायला गेलात आणि आत वीसेक अंडी दिसली तर नवल वाटू देऊ नका. वाळ्याच्या बेटातही तेच होतं. वर्षातून एकदा गड्डे फोडून पातळ करा.

हळद आणि आलं मे-जूनमध्ये लावतात आणि कोंब वर यायला बराच काळ जातो. तोवर सरीवरंब्याची ती मोकळी, कोरडी माती म्हणजे गिनीला आमंत्रणच. लावणीच्याच दिवशी पाचटाचा जाड थर आणि वर काट्या टाका. पान हातभर झाल्यावर काट्या काढल्या तरी चालतात, हळदीचं पान कुणी खात नाही. लसूण-कांद्याच्या पातीला गिनी क्वचितच शिवते, मात्र नुकतीच टोकलेली पाकळी ओढून बाहेर टाकते. पाती फुटेपर्यंत झाकण असू द्या. शतावरीला स्वतःचे काटे आहेत. कोरफडीला काहीच लागत नाही. कढीपत्ता पहिलं वर्ष डब्याच्या आड, मग मोकळा. शेपू आणि बडीशेप कोवळेपणी झाकून ठेवा, फुलल्यावर त्यांच्या छत्र्यांवर मित्रकीटक येतात, म्हणून काही रोपं बियाण्यासाठी सोडा. झेंडू लहानपणी टिकला की पुढे काळजी नाही.

काय टाळायचं

एरंडाची बी, गुंज, धोतरा आणि कण्हेर विषारी आहेत. मोकळा, पोटभर खाल्लेला पक्षी त्यांच्या वाटेला सहसा जात नाही. धोका असतो तो कोंडलेल्या पक्ष्याला. आवारात हिरवं काही नाही, आणि कुणीतरी कुंपणाची छाटणी आत टाकली, मग कंटाळलेले पक्षी काहीही चोचतात. खुराड्यात छाटणी टाकायचीच तर ओळखीच्या भाजीचीच टाका. अॅव्होकॅडोची पानं, साल, गर, काहीच पक्ष्यांना देऊ नका.

झाडांपेक्षा औषधांनी जास्त पक्षी जातात. दाणेदार कीटकनाशक गिनीला दाण्यासारखंच दिसतं. फोरेट, गावभाषेत थायमेट, यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तरी जुनी पुडी कोपऱ्यात सापडू शकते. लाल-गुलाबी रंग लावलेलं प्रक्रिया केलेलं बियाणं सांडलं तर हाताने वेचा. उंदरांचं औषध खाऊन मेलेला उंदीर उघड्यावर राहू देऊ नका. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही तशाच घातक. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हापासून या गोळ्या घरोघरी पोचल्या आहेत. गिनी लहान गोगलगायी खाते, मोठी शंखी गोगलगाय तिला पेलत नाही. मोठ्या हाताने गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकणं, ओली गोणपाटं पसरून त्याखाली जमलेल्या सकाळी उचलणं, हेच गिनीवाल्या बागेत योग्य.

किडींचं काम वेळ साधून करून घ्या

वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे, म्हणजे मातीतल्या पांढऱ्या अळीचे, भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. गिनी त्या वेळी काठीवर चढलेली असते. म्हणून हे काम तुम्ही करायचं: अंधार पडल्यावर फांद्या हलवून खाली चादरीवर भुंगेरे पाडा, झाकणाच्या बादलीत भरून ठेवा आणि सकाळी पक्ष्यांपुढे ओता. रॉकेल घातलेल्या पाण्यात मारलेले भुंगेरे मात्र पक्ष्यांना देऊ नका. पुढे नांगरट किंवा कुदळणी करताना उघड्या पडलेल्या पांढऱ्या अळ्या पक्षी स्वतःच वेचतात. रिकामा वाफा खणायचा तो त्यांना बोलावूनच खणा, दिवसभर तिथे राहू द्या, आणि संध्याकाळी आच्छादन घाला.

नाकतोड्यांसाठी सकाळची वेळ चांगली, कारण गारव्यात ते सुस्त असतात. पण सकाळीच पक्षी सोडले तर अंडी रानात जातात. बहुतेक माद्या सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत अंडं घालतात. मार्च ते सप्टेंबर या अंड्यांच्या दिवसांत दुपारी सोडा, बाकीच्या महिन्यांत सकाळी. दुपारी सोडण्याचा बागेला आणखी एक लाभ आहे: पक्ष्यांना हिंडायला तासच कमी मिळतात, ते किड्यांच्या मागे लागतात आणि कोवळ्या पानांवर रेंगाळत नाहीत.

गिनी मित्रकीटक आणि शत्रूकीटक असा भेद करत नाही. कोळी, ढालकिडे, मधमाश्या, सगळं टिपते. त्यामुळे दर आठवड्याला एक-दोन दिवस बागेला सुट्टी द्या, पक्षी आवारातच ठेवा. मावा आणि पांढरी माशी यांच्यावर गिनीचा काही उपयोग नाही, त्यासाठी निंबोळी अर्कच. साप दिसला की मात्र ओरडून गाव गोळा करतात. तेवढी राखण खरी, पण त्यांच्या भरवशावर अंधारात अनवाणी फिरू नये.

पिल्लं बागेत कधी?

अंड्यातून पिल्लू निघायला २६ ते २८ दिवस लागतात. गिनी मादी पिल्लांना घेऊन पहाटेच्या दवात गवतातून फिरते आणि ओली झालेली पिल्लं गारठून मरतात, म्हणून गावठी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवणं बरं. कृत्रिम ऊब द्यायची तर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पाण्याच्या ताटलीत गारगोट्या टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. पिसं पूर्ण आल्याशिवाय आणि पावसाची झड थांबल्याशिवाय बाहेर सोडू नका. हिरवं खायची सवय लागावी म्हणून आधीपासून घोळ, माठ चिरून थोडं-थोडं द्या. घोळ हे बागेतलं तण आहे, ती चव लागली तर पुढे तुमचंच खुरपणं वाचतं.

विष्ठा, पानं आणि शेजारी

कोंबडखत उष्ण असतं, ताजं टाकलं तर रोपं करपतात. खुराड्यातली विष्ठा पाचट किंवा वाळक्या पानांत मिसळून ढीग करा, मधून मधून वर-खाली करत तीन-चार महिने कुजू द्या. कच्ची खायची पानं आणि फळं, म्हणजे पुदिना, कोथिंबीर, लेट्यूस, काकडी, ही पक्ष्यांच्या वाटेबाहेरच लावा. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत मातीला लागणाऱ्या पिकासाठी कच्चं शेणखत आणि काढणी यात १२० दिवसांचं अंतर सांगितलंय. घरच्या बागेला कुणी तपासायला येत नाही, पण हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पानं वाहत्या पाण्यात धुवायचीच.

शेजाऱ्याचा प्रश्न बागेपेक्षा अवघड. गिनीचा आवाज मोठा, आणि बांध तिला कळत नाही. वस्तीत, प्लॉटला प्लॉट लागून असेल तर गिनी पाळूच नका, कोंबड्या पाळा. रानात असाल तर पक्षी आणण्याआधी बांधावरच्यांना सांगून ठेवा. त्यांच्या भुईमुगाची, सोयाबीनची पेरणी ज्या दिवशी होईल त्या दिवसापासून दोन-तीन आठवडे तुमचे पक्षी आवारात, हे ठरवून टाका. मग एरवी त्यांच्या शेतात गेलेल्या कळपाला कुणी दगड मारत नाही, आणि संध्याकाळी डबा वाजवला की पक्षी बांधावरून परत येतात.